पोत्यातलं भात, अंगणातलं भात

खानापूर तालुक्यात सुगीच्या दिवसांत भाताचं पोतं भिंतीकडेला गुमान उभं असतं. तेच भात वाळत घातलं की अख्खं अंगण व्यापतं. दाणे तेवढेच, जागा मात्र कैकपट.

बेळगावच्या शिवजयंतीतले चित्ररथ दाखवणारं एक ॲप मी आमच्या गल्लीतल्या मंडळासाठी लिहिलं. माझ्या फोनवर छान चाललं. मामांच्या अँड्रॉइड ७च्या जुन्या फोनवर मात्र तिसऱ्या फोटोला बंद पडायचं. "फोनात जागा रिकामी आहे की रे!" मामा म्हणाले.

जागा होती, पण ती साठवणीची. तिथे फोटो जेपेग रूपात, म्हणजे पोत्यात भरलेला असतो. जेमतेम ४ एमबी. पडद्यावर दाखवायचा तर तो उलगडून पसरावा लागतो. ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, आणि प्रत्येकाला ४ बाइट. झाले ४८ एमबी!

हे पसरायचं अंगण म्हणजे हीप, फोनच्या चालू कामाच्या मेमरीतला (रॅममधला) ॲपचा वाटा. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला त्याची हद्द आखून देतं, म्हणजे एकाच ॲपनं सगळी रॅम खाऊ नये. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर ही हद्द फक्त १६ एमबी होती. मामांच्या फोनवर १२८. दोन फोटो ९६ मध्ये मावले, तिसऱ्याला जागा नाही, की 'आउट ऑफ मेमरी'.

नको झालेलं झाडून काढायला गार्बेज कलेक्टर असतो. पण प्रोग्राममधल्या एखाद्या यादीनं जुना फोटो धरून ठेवला असेल, तर तो त्याला हात लावत नाही. माझ्या ॲपमध्ये नेमकी अशी यादी होती.

अँड्रॉइड ८पासून पिक्सेल या हीपबाहेर, नेटिव्ह मेमरीत ठेवतात. त्यामुळे आता चिंता मिटली असं काही जण समजतात. मला ते पटत नाही. रॅम शेवटी त्याच फोनची. ती आटली की सिस्टिम सरळ ॲपच बंद करते, आणि वापरणाऱ्याला कारणही कळत नाही.

मी दोन गोष्टी केल्या. ती यादी काढून टाकली. आणि पडद्याला लागेल तेवढाच फोटो उलगडला: लांबी-रुंदी चौथाई, म्हणजे १००० बाय ७५०. मेमरी सोळाव्या हिश्शावर, ३ एमबीवर आली. मामांनी परवा शेवटच्या चित्ररथापर्यंत सगळे फोटो पाहिले.