पाठ असलेलं गाणं ऐकायला आपण का जातो?

दिवे विझतात. मंचावर अजून कुणी आलेलं नाही, एकही सूर लागलेला नाही, तरी अंगावर काटा येतो. ज्यांनी एखाद्या गायकावर वर्षानुवर्षं जीव टाकला आहे, त्यांना हा क्षण समजावून सांगावा लागत नाही. त्यांना शब्द न् शब्द पाठ असतो. कुठल्या ओळीनंतर गिटार येणार, ड्रम कुठे थांबणार, सगळं ठाऊक असतं. मग ही धडधड कशाची?

२०११ साली माँट्रियलच्या संशोधकांनी काही जणांना त्यांच्या स्वतःच्या आवडीचं, हमखास रोमांच आणणारं संगीत घेऊन बोलावलं आणि ते ऐकताना त्यांचे मेंदू तपासले. ऐन रोमांचाच्या क्षणी मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवलं, यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. तो क्षण येण्याच्या काही सेकंद आधीच, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात डोपामिन स्रवू लागलं होतं. म्हणजे सुख मिळण्याचा आनंद वेगळा आणि ते येतंय हे कळण्याचा वेगळा. तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा, सुरू झाली की आपली मान समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच झुकू लागते, ती याच ओढीनं. गाणं पाठ असणं त्यामुळे आनंदाच्या आड येत नाही. ज्याला पुढची ओळ माहीत आहे, त्यालाच तिची वाट पाहता येते.

पण वाट तर घरी रेकॉर्ड ऐकतानाही पाहता येते. फरक असा की रेकॉर्ड दरवेळी तिथेच, तेवढीच थांबते. मंचावरचा गायक ती जागा आज थोडी लांबवतो, एखादी ओळ श्रोत्यांवर सोडून देतो, ओळखीची सुरुवात इतकी संथ करतो की गाणं कळायला चार क्षण जास्त लागतात. आपला अंदाज किंचित चुकतो आणि मग सुटकेसारखा बरोबर येतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या झुरिकच्या एका प्रयोगात पियानोवादकांना श्रोत्याच्या मेंदूतली हालचाल त्याच क्षणी दाखवली जात होती, आणि ती पाहून ते आपलं वाजवणं बदलत होते. भावनांशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग अशा प्रत्यक्ष वादनाला रेकॉर्डिंगपेक्षा जास्त, आणि जास्त सातत्यानं, प्रतिसाद देताना दिसला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या प्रयोग-सभागृहात श्रोत्यांच्या डोक्यांची हालचाल मोजली गेली. रेकॉर्ड लावली तेव्हापेक्षा कलाकार समोर असताना डोकी जास्त वेगानं हलली. त्यातही स्वतःला चाहते म्हणवणारे इतरांपेक्षा ठेक्याला घट्ट धरून होते. माझ्या दृष्टीनं ही फार सुंदर गोष्ट आहे. प्रेम मानेच्या हालचालीत मोजता आलं.

आणि सगळं काही कानांतून येत नाही. चाळीस हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला चाळीस कंपनांच्या, खर्ज सुराची लाट साडेआठ मीटर लांब असते, आणि स्पीकरजवळ ती छातीत, पोटात, पायाखालच्या जमिनीत जाणवते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मॅकमास्टरच्याच त्या सभागृहात एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मैफलीत ८ ते ३७ हर्ट्‌झचे अतिखर्ज स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले गेले. माणसाला साधारण २० हर्ट्‌झच्या खालचं ऐकू येत नाही. ते स्पीकर कधी चालू होते हे श्रोत्यांना ओळखता आलं नाही, पण तेवढ्या वेळात त्यांचं नाचणं सरासरी ११.८ टक्क्यांनी वाढलं होतं. कानांना पत्ता लागण्याआधी शरीरानं गाणं उचललं होतं.

मोठ्या मैदानात मागे उभं राहावं लागलं की आणखी एक गंमत अनुभवता येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर तो जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात हा उशीर अर्ध्या ठोक्याहून जास्त झाला. म्हणून मैदानाच्या मध्यावर जादा स्पीकरचे मनोरे असतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, मंचावरचा मूळ आवाज तिथे पोहोचल्यावर जरासा मागून. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ साली दाखवून दिलं होतं की एकच आवाज दोन ठिकाणांहून अगदी थोड्या अंतरानं आला, तर आधी आलेल्या आवाजाची दिशा मेंदू खरी मानतो, मागून आलेला बराच मोठा असला तरी. म्हणूनच शेजारच्या मनोऱ्यातून आलेलं गाणं आपल्याला दूरच्या त्या इवल्याशा माणसाच्या गळ्यातून येतंय असं वाटतं.

कार्यक्रम संपतो आणि टाळ्या थांबत नाहीत. सुरुवातीला नुसता कडकडाट असतो. मग कुणीही न सांगता हजारो हात एका तालात पडू लागतात. रुमानिया आणि हंगेरीतल्या सभागृहांतल्या टाळ्या ध्वनिमुद्रित करून संशोधकांनी २००० साली यातलं मर्म सांगितलं: एकत्र येण्यासाठी प्रत्येक जण आपल्या टाळीचा वेग जवळपास निम्मा करतो. संथ टाळीत माणसामाणसांतला फरक कमी राहतो, त्यामुळे ती जुळते. पण संथ झाल्यानं एकूण गजर कमी पडतो. आणखी मोठ्यानं दाद द्यावी म्हणून लोक वेग वाढवतात, ताल मोडतो, पुन्हा संथ होतात, पुन्हा जुळतात. उत्साह आणि एकोपा यांच्यातली ही ओढाताण कलाकार परत मंचावर येईपर्यंत चालते.

आता कानांबद्दल, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. तरुणपणी एका कार्यक्रमाहून परतल्यावर माझ्या कानांत रात्रभर शिटी वाजत होती. ती मी त्या रात्रीची आठवण म्हणून मिरवली. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, सुमारे १५,००० केसपेशी असतात. हवेतल्या कंपनाचा मेंदूला कळणारा संदेश त्यांच्यामुळे होतो. पक्ष्यांत या पेशी पुन्हा उगवतात, माणसात नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या संशोधन संस्थेनं ठरवलेला हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास चालेल, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. अशा आवाजात दोन तास उभं राहिलात, तर आठ दिवसांचा वाटा एका रात्रीत संपला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सुचवली, आणि त्यासोबत कानांत घालायचे बोळे आणि शांत कोपरे उपलब्ध ठेवायलाही सांगितलं.

दोन दिवसांत शिटी थांबते, म्हणून आपण निश्चिंत होतो. २००९ साली उंदरांवर झालेल्या अभ्यासात मात्र ऐकण्याची क्षमता चाचणीत पूर्ववत दिसत असतानाही केसपेशी आणि चेतातंतू यांच्यातले बरेच सांधे कायमचे तुटलेले आढळले.

उपाय अगदी साधा आहे. ॲम्स्टरडॅममधल्या एका खुल्या संगीत महोत्सवात ५१ जणांचे दोन गट केले गेले. सरासरी १०० डेसिबलमध्ये साडेचार तास काढल्यावर बोळे न घातलेल्यांच्या ४२ टक्के कानांचं ऐकणं तात्पुरतं मंदावलं, घातलेल्यांच्या फक्त ८ टक्के कानांचं. कापसाचा उपयोग नाही, त्यानं पुरेसं संरक्षण मिळत नाही. वादकांसाठीचे बोळे सगळ्या पट्ट्यांतला आवाज जवळपास सारखाच उतरवतात, त्यामुळे गाणं तसंच राहतं, फक्त लहान होतं. फार मोठ्या आवाजात खर्ज सूर वरच्या सुरांना झाकतात; आवाज उतरला की ती झाक कमी होते.

बोळे घालून पहिल्यांदा गेलो तेव्हा मला भीती होती की आपण काचेमागून ऐकतोय असं वाटेल. तसं झालं नाही. माझ्या सगळ्यांत लाडक्या गाण्यात, तिसरं कडवं सुरू होण्याआधी गायकानं घेतलेला श्वास मला ऐकू आला. तो रेकॉर्डमध्ये नाही.