आराखड्यात न मावणारी गोष्ट

कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या अनेकांच्या घरी एक वही असते. पात्रांची नावे, त्यांची वये, गावाचा नकाशा, प्रकरणांची यादी असे सगळे तिच्यात असते. नसते ती फक्त कथा. माझ्याकडे अशी वही चार वर्षे होती. या अवस्थेला आपण आळस म्हणतो किंवा प्रतिभा नसल्याचे लक्षण मानतो. परंतु लेखन घडते कसे याचा अभ्यास करणाऱ्यांनी जे पाहिले आहे, ते वाचल्यावर हे दोन्ही आरोप मला अन्यायाचे वाटू लागले.

माइक रोझ यांनी 1980 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील दहा विद्यार्थ्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी पाच जण लिहिताना वारंवार अडत आणि पाच जण सहसा अडत नसत. अडणाऱ्यांकडे भाषा किंवा बुद्धी कमी होती, असे मुळीच नव्हते. फरक होता तो नियमांकडे पाहण्याचा. पहिला परिच्छेद निर्दोष झाल्याशिवाय पुढे जायचेच नाही, असा एकीचा हट्ट होता. दुसरी विद्यार्थिनी कित्येक दिवस खर्चून इतका गुंतागुंतीचा आराखडा रचत असे की, त्याचे लहानशा निबंधात रूपांतर करणे तिला अशक्य होऊन बसे. न अडणारेही नियम पाळत आणि आराखडे करत; मात्र नियम लागू पडला नाही, तर तो बाजूला ठेवायला ते कचरत नसत.

आराखडा निरुपयोगी असतो, असा याचा अर्थ नाही. रोनाल्ड केलॉग यांच्या 1988 च्या प्रयोगांत आधी आराखडा करणाऱ्यांचे लेखन अधिक चांगले उतरले होते. हातातल्या कामापुरती माहिती धरून ठेवणारी आपली कार्यरत स्मृती फार तोकडी असते. काय सांगायचे आणि कोणत्या क्रमाने, हे आधी ठरले की तिच्यावरचा भार हलका होतो आणि लक्ष वाक्याकडे देता येते. पण या प्रयोगांत लिहायची होती ती पत्रे, आणि पत्राचा मजकूर बऱ्याच अंशी आधीच ठरलेला असतो. कथेचे तसे नसते.

इथे लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील या दोघांनी लोकांना लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित करून शब्दशः उतरवून घेतले. किशोरवयीन मुलींच्या मासिकासाठी स्वतःच्या नोकरीविषयी लिही, अशा प्रकारचे काम ते देत. 1981 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की, आधी योजना, मग लेखन, मग दुरुस्ती अशा पायऱ्या प्रत्यक्षात नसतात. या तिन्ही क्रिया एकमेकींत सतत मिसळत राहतात आणि लिहिण्याचे उद्दिष्टसुद्धा लिहिता लिहिताच घडते किंवा बदलते.

याचा अर्थ मला माझ्याच वहीतल्या एका ओळीने समजावला. ओळ अशी होती : ‘भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतो, बहीण नकार देते.’ आराखडा म्हणून ती पुरेशी होती. प्रसंग लिहायला बसल्यावर मात्र वाक्य प्रश्न विचारू लागले. भाऊ भाऊबिजेला आला आहे, तर कागद तो ओवाळण्याआधी काढील की नंतर? तो पाटावर बसलेला असताना पिशवी कुठे आहे? तबकात ओवाळणी पडल्यावर कागद काढला, तर तो माणूस वेगळा. आधीच काढून पाटाशेजारी ठेवला, तर वेगळा. माझ्या वहीत या भावाचे वय, व्यवसाय आणि कर्ज यांची नोंद होती, पण तो कसा माणूस आहे हे तिच्यात कुठेच नव्हते. ते फक्त वाक्य लिहूनच कळणार होते.

मग ‘सुचेल तेव्हा लिहू’ हे धोरण ठेवावे का? रॉबर्ट बॉइस यांचा 1983 चा अभ्यास याचे उत्तर देतो. त्यांनी लेखनात अडलेल्या 27 प्राध्यापकांचे तीन गट केले : एकाने अगदी निकड असल्याशिवाय लिहायचे नाही, दुसऱ्याने मनात येईल तेव्हा लिहायचे, आणि तिसऱ्याने ठरलेल्या वेळी लिहायचेच, नाहीतर आपल्याला नावडत्या संस्थेला देणगी द्यायची. तिसऱ्या गटाने दिवसाला सरासरी तीन पानांहून अधिक मजकूर लिहिला, दुसऱ्याने एक पानही नाही. नव्या कल्पनाही ठरवून लिहिणाऱ्यांनाच सर्वाधिक सुचल्या, साधारण रोज एक. अभ्यास लहान होता आणि त्यातले लोक कथालेखक नव्हते. तरीही सुचण्याची वाट पाहत बसलेल्या प्रत्येकाने तो मनावर घ्यावा, असे मला कळकळीने वाटते. दिवाळी अंकासाठी संपादकांनी घातलेल्या मुदतीत आपल्याकडे इतक्या कथा का लिहून होतात, हेही त्यातून थोडेफार उलगडते.

मुदत घालणारा कोणी नसेल, तर पीटर गोल्वित्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांचा 1997 चा प्रयोग उपयोगी पडतो. नाताळची पूर्वसंध्या कशी गेली याचा वृत्तांत विद्यार्थ्यांनी 48 तासांत लिहायचा होता. नेमका कुठे आणि केव्हा बसून लिहू हे ज्यांनी आधी ठरवले, त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला. ज्यांना तसे ठरवायला सांगितले नव्हते, त्यांच्यापैकी एक-तृतीयांश जणांनीच. ठरलेली खूण समोर आली की कृती सुरू होते, दर वेळी मनाशी नव्याने झगडावे लागत नाही. म्हणजे आराखडा करायचाच, तर कथेच्या आधी तो बसण्याचा करावा.

माझी खूण होती सकाळच्या चहाची रिकामी कपबशी. ती बाजूला सारली की प्रसंगातली पुढची पाच वाक्ये लिहायची, वही उघडायची नाही. चौथ्या दिवशी बहिणीने तो कागद हातात घेतला, आणि त्यावरच्या माहेरच्या नावावरून बोट फिरवत ती गप्प राहिली. कितीतरी वर्षांनी ते नाव कुणीतरी लिहिले होते. त्या दिवशी तिने नकार दिलाच नाही. कागद घडी करून देव्हाऱ्यातल्या समईखाली ठेवला, आणि मला वहीतली पुढच्या सात प्रकरणांची यादी खोडावी लागली.