धार्मिक संस्कार (बालपणीचे)

लहानपणी घरात लागलेल्या धार्मिक वळणाचा प्रौढपणीच्या श्रद्धेशी किंवा अश्रद्धेशी असलेला संबंध. या वळणाला मराठीत ‘संस्कार’ म्हणतात. हा शब्द इतका रुळलेला आहे, की त्यात दोन वेगळे अर्थ एकत्र आले आहेत हे सहसा ध्यानात येत नाही.

धर्मशास्त्रात संस्कार म्हणजे विधी. मीमांसाभाष्यकार शबराच्या मते, जे घडल्याने एखादी वस्तू विशिष्ट कामास योग्य होते तो संस्कार. संस्कारांच्या संख्येबाबत एकवाक्यता नाही. गौतमधर्मसूत्र चाळीस संस्कार देते, मात्र त्यांत पाकयज्ञ व सोमयज्ञ हे यज्ञांचे प्रकारही मोजते. वैखानस परंपरेत अठरा शारीर संस्कार आहेत. आज सर्वतोमुखी असलेली सोळा ही संख्या उत्तरकालीन निबंधग्रंथांतून (धर्मशास्त्रवचनांच्या संकलनांतून) स्थिरावलेली दिसते. गौतमसूत्राचा काळ पां. वा. काणे इ. स. पू. ६०० ते ४०० च्या दरम्यान मानतात. अलीकडे पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी तो इ. स. पू. तिसऱ्या शतकापर्यंत खाली आणला असून हे मत अधिक सावध वाटते.

दुसरा अर्थ दर्शनांचा, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांचा. न्याय-वैशेषिकांनी संस्कार हा गुण मानून त्याचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन प्रकार केले. अनुभव सरल्यावर आत्म्यावर राहणारा आणि पुढे स्मृतीला कारण होणारा ठसा ती भावना. वाकवलेली फांदी सोडताच पूर्वस्थितीला येते तो स्थितिस्थापक. ‘त्याच्यावर घरचे संस्कार आहेत’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची मुंज झाली एवढेच सांगायचे नसते. म्हणून प्रस्तुत विषयाला भावनेचा अर्थ अधिक जवळचा आहे.

हा ठसा बहुधा अर्थ कळण्यापूर्वी उमटतो. माळकरी घरात दिवेलागणीला हरिपाठ सुरू झाला, की आजीच्या मांडीवरचे पोर ‘हरि मुखें म्हणा’ला टाळी धरते, ‘चारी मुक्ती’ कोणत्या, हे त्याला पुढे कधीतरी कळते, किंवा कळतही नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत संध्याकाळचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना) संपला, की मुले वडीलधाऱ्यांकडून ‘बेसांव’ (आशीर्वाद) घेतात. अनेक मुसलमान घरांत चार वर्षे, चार महिने, चार दिवसांच्या मुलाचा बिस्मिल्लाचा समारंभ करतात; पारशांत नवजोत हा धर्मदीक्षेचा विधी साधारणपणे सात ते अकरा या वयात होते.

मानसशास्त्रीय संशोधन प्रामुख्याने अमेरिका व युरोपातील आहे. व्हर्न बेंग्ट्सन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे ३५० कुटुंबांच्या पिढ्यांचा १९७० पासून मागोवा घेतला. पालकांशी, विशेषतः वडिलांशी, जिव्हाळ्याचे नाते असेल तेथे धर्म पुढच्या पिढीकडे अधिक प्रमाणात गेल्याचे त्यांना आढळले. जोसेफ हेनरिक यांनी २००९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार मूल बोलण्यापेक्षा झीज सोसून केलेली कृती खरी मानते. उपदेश करणाऱ्या पण स्वतः काही न पाळणाऱ्या घरातून अश्रद्ध माणसे का निघतात, याचा उलगडा त्यातून बराचसा होतो. मिनेसोटातील जुळ्यांच्या अभ्यासात (२००५) वय वाढते तसा घरच्या वातावरणाचा प्रभाव कमी व आनुवंशिकतेचा वाटा जास्त होताना दिसला.

महाराष्ट्रातील आत्मकथनपर लेखनात याचे बारकावे अधिक ठळकपणे दिसतात. सर्वांत बोलका दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. वडील रामजी कबीरपंथी. बौद्ध धर्मावरील आपल्या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात, की घरी जमलेल्या मंडळींपुढे मुलांनी रामायण-महाभारत वाचून दाखवावे असा वडिलांचा आग्रह असे. कर्ण, द्रोण, वाल्मीकी लहान स्थितीतून मोठे झाले, त्यांच्या कथांनी आपल्या लोकांच्या मनातील न्यूनगंड जाईल, हे त्यामागचे वडिलांचे कारण. मुलाने भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांपैकी कोणीच आपल्याला आवडत नसल्याचे सांगितले; शूर्पणखा, वाली, सीता यांचे प्रसंग पुढे ठेवले. वडील गप्प राहिले. पुढे कृ. अ. केळुसकरांनी एका सत्कारसभेत बाबासाहेबांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. हा सत्कार चरित्रांत सहसा १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा धरतात. प्रस्तावनेत मात्र तो इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्यावरचा आहे, आणि येथे त्यांच्या स्वतःच्या कथनाला अधिक वजन द्यावे लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतराची मुळे या घरातल्या वाचनातही आहेत: त्याच वाचनाने त्यांना ग्रंथ तपासून पाहण्याची सवय लावली.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरत. उपास, स्नाने, दाने सारे यथासांग होत असतानाही १८७४ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले, आणि देवांवरचा रमाबाईंचा विश्वास ढासळला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत असा त्यांचा आग्रह होता. श्रद्धेचा विषय बदलला, लहानपणचे वळण राहिले. जमखंडीच्या वारकरी घरातील विठ्ठल रामजी शिंदे प्रार्थना समाजात गेले, त्यांच्या बाबतीत तर तुटण्यापेक्षा सातत्यच जास्त आहे.

एकूण भारतात मूळ धर्म सोडणाऱ्यांचे प्रमाण अल्प दिसते. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८.७ लाख लोकांच्या (०.२४ टक्के) धर्माची नोंद नाही, पण नोंद नसणे म्हणजे नास्तिक असणे नव्हे. प्यू संशोधन केंद्राच्या २०१९–२० च्या पाहणीत जवळजवळ ३०,००० भारतीयांपैकी ९७ टक्क्यांनी देवावर विश्वास असल्याचे सांगितले.

श्रद्धा सोडलेल्या किंवा बदललेल्या आईवडिलांच्या मुलांविषयीची माहिती तुरळक आहे. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) तरुणपणी ‘बालबोध’ मासिकातील बुद्धाविषयीच्या लेखाने भारले गेले, १८९९ मध्ये घराबाहेर पडले व सिंहलद्वीपात (श्रीलंकेत) प्रव्रज्या, म्हणजे बौद्ध भिक्षुजीवनाची दीक्षा, घेऊन आले. त्यांचे पुत्र दामोदर मार्क्सवादी झाले. त्यांनी पुण्याच्या परिसरातील म्हसोबा, वेताळ, बोल्हाई यांची ठाणी पायी हिंडून पाहिली आणि तेथील भक्तांना विचारून त्या दैवतांच्या चालीरीती नोंदवल्या.