परदेशात व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक इंग्रजी लेखन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या केंद्रात येणारे पालक बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात : "आयईएलटीएसला सात बँड होते की हो त्याला, मग तिकडं असाइनमेंटला ४८ कसे पडले?" प्रश्न रास्त आहे. ज्या विद्यार्थ्यांना सप्टेंबरच्या प्रवेशासाठी निघायचे आहे, जे आधीच ब्रिटन, आयर्लंड किंवा ऑस्ट्रेलियात एमबीए अथवा एमएससी करत आहेत, आणि ज्यांच्या घरचे इथून फी भरत आहेत, त्या सर्वांना या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर मिळावे म्हणून आम्ही हे पत्रक काढले आहे.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या ॲकॅडेमिक प्रकारात लेखनासाठी ६० मिनिटे असतात. त्यात किमान १५० शब्दांत एखाद्या आलेखाचे किंवा तक्त्याचे वर्णन करावे लागते आणि किमान २५० शब्दांचा एक निबंध लिहावा लागतो. या निबंधात स्वतःचे मत मांडायचे असते. कोणते पुस्तक वाचले, कोणाचा शोधनिबंध पाहिला, हे तिथे कोणीही विचारत नाही. विद्यापीठातील असाइनमेंट मात्र अडीच-तीन हजार शब्दांची असते, ती लिहायला काही आठवडे मिळतात, आणि तिच्यातील प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला "हे कशावरून?" असा प्रश्न लागू होतो. परीक्षेची तयारी मनापासून केलेला विद्यार्थीही पहिल्या सत्रात अडखळतो, कारण या दुसऱ्या प्रकारच्या लेखनाचा सराव त्याला कोणी दिलेलाच नसतो.

गुणांविषयीचा एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर स्तरावर साधारणपणे ५० गुणांना उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन मानतात. त्यामुळे मुलीला ६४ पडले म्हणून घरच्यांनी तोंड पाडून बसण्याचे कारण नाही. आपल्याकडे ८५ टक्क्यांना जो मान आहे, तो तिथे सत्तरीच्या आसपास सुरू होतो. ४८ मात्र खरोखरच ४८ असतात, आणि ते का पडले हे शोधावे लागते.

गुण नेमके कुठे जातात

गुण व्याकरणामुळे जातात, असे जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला वाटते. आम्ही तपासलेल्या असाइनमेंटचा अनुभव वेगळा आहे. व्याकरणाच्या चुका असतात आणि त्या खटकतातही. परंतु मोठे नुकसान होते ते प्रश्नातील क्रियापद नीट न वाचल्यामुळे. 'डिस्क्राइब' म्हटले असेल तर वस्तुस्थिती सांगायची असते, 'ॲनालाइज' म्हटले असेल तर तिचे घटक सुटे करून त्यांचा परस्परसंबंध दाखवायचा असतो, आणि 'क्रिटिकली इव्हॅल्युएट' म्हटले असेल तर एखादा सिद्धान्त किंवा निर्णय कुठवर टिकतो आणि कुठे कमी पडतो, याचा पुराव्यानिशी निवाडा द्यायचा असतो. आपले विद्यार्थी या तिन्ही प्रश्नांना पहिल्याचेच उत्तर लिहितात. यात त्यांचा दोष थोडाच आहे. बारावीपर्यंत आणि पुढे पदवीलाही "टिपा लिहा" याच प्रश्नाला त्यांनी गुण मिळवलेले असतात.

मायकेल पोर्टर यांचे १९७९ चे, एखाद्या उद्योगातील स्पर्धा पाच बळांतून तपासणारे फाइव्ह फोर्सेस प्रारूप हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. विद्यार्थी पाच शीर्षके देऊन, प्रत्येकाखाली व्याख्या लिहून आठशे शब्द खर्च करतो. तपासणाऱ्या प्राध्यापकाला ते प्रारूप पाठ असते. त्याला पाहायचे असते ते आपण त्याचा वापर कसा केला. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीचा विचार करावा. तिचे कास्टिंग घेणारे ग्राहक मोजके आणि आकाराने मोठे असतील, तर भाव ठरवण्याची ताकद त्यांच्याकडे झुकते. पण एखाद्या भागाचे पॅटर्न, यंत्रणकाम आणि गुणवत्ता-मंजुरी यांत ग्राहकाचाही वेळ आणि पैसा गुंतला असेल, तर पुरवठादार बदलणे त्यालाही सोपे राहत नाही. आता या दोन ओढींपैकी कोणती अधिक प्रबळ आहे आणि आपण ती कशावरून ठरवली, हे लिहिले की विश्लेषण सुरू झाले. पाचही बळांना समान जागा देण्याची सक्ती कुठेही नाही. ज्या बळावर प्रकरणाचा निकाल लागतो त्याला दोन पाने द्यावीत, आणि बाकीच्यांना दोन ओळी पुरल्या तर तेवढ्याच द्याव्यात.

एक परिच्छेद जवळून

आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीचा विषय होता : भौगोलिक मानांकनामुळे (जीआय टॅगमुळे) लहान उत्पादकांना लाभ होतो का, याचे चिकित्सक मूल्यमापन करा. तिने कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घेतले होते, आणि निवड उत्तम होती. पहिला परिच्छेद मात्र असा सुरू होत होता : 'सिन्स एन्शियंट टाइम्स, कोल्हापुरी चप्पल इज व्हेरी फेमस इन ऑल ओव्हर द वर्ल्ड.' त्यानंतर शहराचा इतिहास, चामडे कमावण्याची रीत, आणि सहाव्या वाक्यात मुद्दा : 'जीआय टॅग हॅज इन्क्रीज्ड द इन्कम ऑफ ऑल आर्टिझन्स.'

यातील 'इन ऑल ओव्हर' ही चूक एका रेघेत दुरुस्त होते. खरा प्रश्न शेवटच्या वाक्याचा आहे. सर्व कारागिरांचे उत्पन्न वाढले, हे तिला कोठून कळले? तिच्याकडे तसा आकडा नव्हता. तिच्याकडे असलेली माहिती पुढीलप्रमाणे होती : २०१९ मध्ये हे मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर अशा आठ जिल्ह्यांना संयुक्तपणे लागू आहे, आणि जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधील शोमध्ये कोल्हापुरीशी मिळतीजुळती पादत्राणे सादर केली, तेव्हा इथे संताप उसळला आणि पुढे कंपनीने त्यांमागील प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले.

एवढ्या सामग्रीवर काय म्हणता येते, याचा तिने आमच्यासमोर बसून, आधी मराठीत, विचार केला. मानांकनाने नावाला कायद्याचे संरक्षण मिळते. परंतु नाव न वापरता केवळ घडण उचलली, तर ते संरक्षण कितपत उपयोगी पडते, आणि भारतातील नोंदणी परदेशात कुठवर चालते, हा वेगळा प्रश्न उरतो. त्यामुळे मानांकन लाभाची एक अट ठरू शकते, पण ते एकटे पुरेसे आहे असे म्हणता येत नाही. हीच भूमिका तिने नव्या परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात मांडली, त्याखाली पुरावा ठेवला, आणि उत्पन्नाविषयीचे वाक्य 'मे', 'सजेस्ट्स' आणि 'इन सम केसेस' असे शब्द घालून पुराव्याच्या मापाचे करून घेतले. प्राचीन काळ गळाला. परिच्छेद एकशे नव्वद शब्दांवरून एकशे चाळीसवर आला, तरीही त्यात पूर्वीपेक्षा अधिक आशय होता.

सावध शब्द वापरणे म्हणजे कच खाणे, असे काही विद्यार्थ्यांना वाटते. पुरावा जेवढा आहे तेवढेच बोलणे हा या लेखनातील प्रामाणिकपणा आहे, आणि तपासनीस त्यालाच गुण देतात. मात्र प्रत्येक वाक्यात 'मे' आणि 'परहॅप्स' पेरून ठेवल्यास लेखकाला काहीच म्हणायचे नाही, असा अर्थ निघतो, हेही लक्षात ठेवावे.

मराठीतून येणारी वळणे

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि आपल्याला तिथपर्यंत थांबण्याची सवय असते. इंग्रजी वाचकाला कर्ता आणि क्रियापद लवकर हवे असते. तीन ओळींचे वाक्य लिहिले असेल, तर त्याचे मुख्य क्रियापद कितव्या शब्दावर आले ते मोजून पाहावे; पंधराव्या शब्दानंतर येत असेल तर वाक्याची मांडणी बदलावी. परिच्छेदालाही हेच लागू पडते : आपल्याकडे पार्श्वभूमी, दाखले आणि मग निष्कर्ष अशी चढण शोभते, तिथे निष्कर्ष आधी सांगून मग त्याची कारणे देण्याची रीत आहे. शाळेतल्या निबंधाची सुभाषिताने होणारी सुरुवात विमानतळावरच सोडून जावी.

'ए', 'ॲन' आणि 'द' यांसारखी उपपदे मराठीत नसल्यामुळे ती चुकणारच, आणि ती पूर्णपणे कधी जमतील याची हमी आम्ही देत नाही. त्यापेक्षा लवकर सुटणाऱ्या चुका आधी सोडवाव्यात. 'रिसर्च', 'एव्हिडन्स', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस' आणि 'इक्विपमेंट' यांचे अनेकवचन होत नाही. 'डिस्कस' नंतर 'अबाउट' लागत नाही. 'ॲज पर', 'द सेम' आणि 'काइंडली' हे आपल्या कचेऱ्यांतील पत्रव्यवहाराचे शब्द निबंधात परके वाटतात. एवढ्या सात-आठ सवयी मोडल्या की पान बरेच स्वच्छ दिसू लागते.

शब्दसंग्रहासाठी विद्यार्थी जाडजूड यादी पाठ करतात. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टन येथील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांच्या शैक्षणिक मजकुरातून काढलेली आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेली ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट ही ५७० शब्दकुलांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची, आहे. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला आरंभी तेवढी पुरे. परंतु सुटा शब्द पाठ करून उपयोग नाही. 'एव्हिडन्स' कशाबरोबर येतो, 'कंडक्ट' कशाबरोबर येतो, अशा जोड्या वाचता वाचता वहीत उतरवाव्यात. मँचेस्टर विद्यापीठाचा ॲकॅडेमिक फ्रेजबँक संकेतस्थळावर पाहता येतो आणि वाक्यांचे सांगाडे शिकण्यासाठी तो फार उपयुक्त आहे. सांगाड्यात स्वतःचा मुद्दा भरायचा असतो, एवढे ध्यानात असावे. केवळ सांगाडेच असलेली पानेही आम्ही पाहिली आहेत.

संदर्भ आणि उसनवारी

मजकुरातील साम्य शोधणाऱ्या टर्निटिन या प्रणालीचा अहवाल पाहून घाबरलेल्या विद्यार्थ्यांचे फोन आम्हाला रात्री-अपरात्री येतात. त्या अहवालातील टक्का हा साम्याचा टक्का असतो. चोरी झाली किंवा नाही, हे प्राध्यापक मजकूर वाचून ठरवतात. संदर्भसूची आणि अवतरणचिन्हांतील मजकूर वगळण्याची व्यवस्था केलेली नसेल, तर तोही त्या टक्क्यात मोजला जातो. म्हणून अमुक टक्क्यांपर्यंत धोका नाही, असा कोणताही आकडा आम्ही सांगत नाही. बारा टक्क्यांतील एक सलग उचललेला परिच्छेद महागात पडू शकतो.

खरी अडचण पॅराफ्रेजची, म्हणजे दुसऱ्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडण्याची, आहे. मूळ वाक्य समोर ठेवून त्यातील चार शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घातले, म्हणजे वाक्य आपले झाले, अशी समजूत सर्रास आढळते. आम्ही शिकवतो ती रीत साधी आहे. लेख वाचावा, मिटून ठेवावा, आणि त्यात काय म्हटले आहे ते रंकाळ्यावर फिरताना मित्राला सांगावे तसे मोठ्याने मराठीत सांगावे. जिथे सांगताना अडखळायला होते, तिथे आपल्याला समजलेले नसते. तो भाग पुन्हा वाचावा. मग लेख न उघडता इंग्रजीत लिहावे आणि शेवटी मुळाशी ताडून संदर्भ द्यावा. आधी संपूर्ण निबंध मराठीत लिहून नंतर त्याचे भाषांतर करण्याचा सल्ला मात्र आम्ही देत नाही. त्यातून मराठी वाक्यरचना जशीच्या तशी इंग्रजीत उतरते आणि काम दुप्पट होते.

संदर्भाची पद्धत, म्हणजे हार्वर्ड की एपीए, ही विभाग ठरवतो. हार्वर्डचे तर विद्यापीठागणिक थोडे वेगळे रूप असते, म्हणून आपल्या ग्रंथालयाची मार्गदर्शिकाच प्रमाण मानावी. टिपण काढतानाच लेखक, वर्ष आणि पान लिहून ठेवावे. मुदतीच्या आदल्या रात्री ते शोधत बसण्याइतका वैताग दुसरा नाही. एआय साधनांबाबत प्रत्येक विद्यापीठाचे, कधी कधी प्रत्येक मॉड्यूलचे नियम निराळे असतात. ते लेखी स्वरूपात पाहिल्याशिवाय कोणतेही साधन वापरू नये.

आम्ही काय करतो आणि काय करत नाही

आम्ही असाइनमेंट लिहून देत नाही. "पैसे जास्त घ्या, पण लिहूनच द्या" अशी विनंती दर सत्रात होते, आणि नकार दिल्यावर काही ओळखीची माणसेही रुसतात. ऑस्ट्रेलियात २०२० पासून आणि इंग्लंडमध्ये २०२२ पासून अशी सेवा पैसे घेऊन देणे किंवा तिची जाहिरात करणे हा कायद्याने गुन्हा आहे. विद्यार्थ्यावर विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. प्रवेश रद्द झाला तर व्हिसाही अडचणीत येतो, आणि त्यामागे घरातले कर्ज असते.

आपण लिहिलेल्या मसुद्यावर आम्ही समासात प्रश्न आणि शेरे लिहितो, वारंवार होणाऱ्या चुकांचे प्रत्येकी एक-दोन नमुने दाखवतो, आणि उरलेल्या आपणच शोधाव्यात अशी अपेक्षा ठेवतो. बाहेरच्या माणसाकडून किती मदत घेता येते, याचाही आपल्या विद्यापीठाचा नियम असतो. तो आम्हाला आधी दाखवावा. विद्यापीठातील लेखन-साहाय्य केंद्र, ग्रंथपाल आणि प्राध्यापकांची भेटीची वेळ हे बहुतेक ठिकाणी फीमध्येच मिळते. आधी तिकडे जावे आणि तरीही अडले तर आमच्याकडे यावे. आमचे चार पैसे बुडाले तरी चालतील.

पहिल्या भेटीला येताना, किंवा ऑनलाइन वेळ घेताना, प्रश्नपत्रिका, गुणदानाचे निकष, मागील असाइनमेंटवरील प्राध्यापकांचे शेरे आणि स्वतःचा कच्चा मसुदा पाठवावा. मसुदा कितीही विस्कळीत असला तरी चालेल. कोऱ्या पानावर मात्र आम्हाला काही करता येत नाही. ब्रिटनमधील दुपारी १२ ची मुदत म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडील साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच, हे ध्यानात घेऊन मुदतीपूर्वी किमान चार दिवस मसुदा आमच्याकडे पोहोचेल असे पाहावे. त्यानंतर आलेले काम आम्ही स्वीकारत नाही, कारण तेव्हा शेरे वाचून पुन्हा लिहिण्यास आपल्याकडे वेळच उरलेला नसतो.