मिरामारच्या लाटेत गोदावरी

जुलैत पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीतून मांडवी लाल-तांबडी दिसते. मोठ्या पावसानंतर, ओहोटीच्या वेळी तिचं पाणी जिभेला लावलं तर जेमतेम मचूळ लागतं. तेच एप्रिलात चाखा, तोंड खारट होतं. तेव्हा एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, जवळजवळ भर समुद्राइतकं.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. सह्याद्रीवरचं ते पाणी म्हादई (हीच खाली मांडवी होते) आणि जुवारी समुद्रात आणून ओततात. पाऊस सरला की नदी आटते, भरती-ओहोटीच्या ताब्यात जाते, आणि खारं पाणी कित्येक किलोमीटर आत शिरतं. नेरूलच्या, आगरवाड्याच्या मिठागरांना नुसतं ऊन पुरत नाही. वाफ्यात येणारं पाणीही आधीच खारं झालेलं लागतं.

पावसात समुद्र गोडा होतो तो फक्त वरवर. गोडं पाणी हलकं, म्हणून ते दुधावरच्या सायीसारखं तरंगतं. ही साय काही मीटरच जाड असते. नेमक्या याच दिवसांत किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोलवरचं थंड, खारं, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे सरकतं. साय त्याला वर येऊ देत नाही आणि हवेतला प्राणवायू खाली पोचू देत नाही. तळाची मासळी घुसमटते. नदीचं पाणी समुद्राला नेहमी सुखाचंच असतं असं नाही, हे मला इथे फार प्रकर्षाने जाणवतं.

खरं नवल हिवाळ्यात. नोव्हेंबरच्या सुमारास किनारी प्रवाह उलटा फिरतो, उत्तरेकडे वाहू लागतो, आणि श्रीलंकेला वळसा घालून आलेलं बंगालच्या उपसागराचं पाणी आपल्याकडे आणतो. हे पाणी कमी खारं, कारण त्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी मिसळलेल्या. केरळच्या किनाऱ्यावर त्याचा प्रभाव जास्त. गोव्याकडे येईतो तो अरबी समुद्राच्या खारटपणात विरत जातो. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर पूर्वेला जाते, आणि तिचा अंश अर्ध्या देशाला प्रदक्षिणा घालून पुन्हा पश्चिम किनाऱ्याला लागतो.

फेब्रुवारीनंतर हा प्रवाह मंदावतो, ऊन तापतं, आणि आगरांच्या बांधांवर मिठाचे ढीग दिसू लागतात.