ट्रेलर मोडतो तो थरथरीने

चिखल धुताना ती रेघ दिसली. ट्रेलर गाडीला जोडणारा ओढदांडा चासीच्या (खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) पहिल्या आडव्या पट्टीला मिळतो, तिथल्या वेल्डिंगच्या कडेला. केसाएवढी बारीक, तांबूस. बोटाने पुसली तर बोटाला गंज लागला, पण रेघ तिथेच. नख फिरवलं तेव्हा ते किंचित अडकलं. मी आणि माझ्या मित्राने सुट्टीच्या दिवसांत बांधलेला हा टिअरड्रॉप ट्रेलर तोवर कुठे आपटला नव्हता, उलटला नव्हता, दगडावर बसला नव्हता. कच्च्या रस्त्यावरून तो नुसता चालला होता, आणि तेवढ्याने पोलाद चिरायला लागलं होतं.

ह्याला धातूचा थकवा म्हणतात. तार एका झटक्यात तुटत नाही, पण तीच मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते, हे लहानपणी सगळ्यांनीच करून पाहिलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे एक्सल असेच, काही उघड कारण नसताना मोडायचे. 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा एक्सल तुटून भीषण अपघात झाला. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने एक्सल फिरवत ठेवून पद्धतशीर प्रयोग केले आणि दाखवलं, की धातू किती भार सोसतो एवढं पाहून भागत नाही. तो भार किती वेळा येतो हेही मोजावं लागतं. वेल्ड केलेल्या पोलादी जोडासाठी अभियंते ढोबळमानाने घनाचा हिशोब धरतात. जोडावरचा ताण निम्मा केला, तर आयुष्य साधारण आठपट. घरी ट्रेलर बांधणाऱ्याने दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, हे मात्र ठेवावं.

टिअरड्रॉप म्हणजे थेंबाच्या आकाराचा, पुढून गोल आणि मागे निमुळता होत गेलेला छोटा ट्रेलर. आत फक्त दोघांचा बिछाना. मागचं झाकण वर उचललं की ओटा, भांडी, पाण्याची टाकी. अमेरिकेत 1930 च्या दशकात हे ट्रेलर लोक घरीच बांधू लागले. मासिकांतून त्यांचे आराखडे छापून येत. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराकडचं उरलेलं सामान स्वस्तात मिळू लागलं, तेव्हा त्यांना आणखी बहर आला. चार फूट उंच आणि आठ फूट लांब हे माप कुणाच्या लहरीतून आलेलं नाही: प्लायवूडचा ताव चार बाय आठचा असतो, म्हणून एक ताव म्हणजे एक भिंत. (खरा पावसाचा थेंब मात्र असा नसतो. लहान थेंब गोल असतो आणि मोठा खालून चपटा होतो.) हा आकार डांबरी रस्त्यासाठी जमलेला आहे. तोच ट्रेलर खडकाळ वाटेवर न्यायचा ठरवला की बहुतेक जण आधी मोठी चाकं लावतात आणि जिथे तिथे जाड लोखंड जोडतात. आम्हीही तेच केलं होतं. ते चुकीचं का होतं, हे त्या रेघेने शिकवलं.

दांड्यापासूनच सुरुवात करतो. आमचा दांडा 50 बाय 50 मिलिमीटरचा, 3 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप होता. त्याऐवजी 50 बाय 75 चा, त्याच जाडीचा पाइप उभा लावला तर वजन वाढतं फक्त सव्वापट, पण वाकण्याला होणारा विरोध वाढतो अडीचपटीहून जास्त. वाकताना पाइपचा वरचा आणि खालचा पत्रा खरं काम करतात, आणि ते एकमेकांपासून जितके लांब, तितकी त्यांची पकड मोठी. मधल्या रेषेवर जवळजवळ ताणच नसतो. म्हणून तारेसाठी किंवा बोल्टसाठी भोक पाडायचंच असेल तर ते पाइपच्या बाजूला, उंचीच्या मध्यावर पाडावं. वर किंवा खाली कधीच नाही. वेल्डिंगचंही तसंच. खालच्या पत्र्यावर आडवी वेल्ड मारली की आपण भेगेला सुरुवात करून दिली असं समजावं. पट्टी जोडायची तर शंकरपाळ्याच्या आकाराची कापावी आणि तिच्या तिरक्या कडा वेल्ड कराव्यात, म्हणजे ताण एका रेषेवर गोळा होत नाही, हळूहळू पसरतो. आमची आडवी वेल्ड नेमकी सगळ्यात जास्त ताणाच्या जागी होती.

आता हा ताण येतो कुठून? कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. त्या एखाद्या वाईट ड्रायव्हरमुळे पडत नाहीत. 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या टेबलावर वाळू पसरून तिच्यावर एक साधं चाक चालवून पाहिलं. ठरावीक वेगाच्या वर गेलं की वाळूत आपोआप लाटा उठल्या; चाकाला स्प्रिंग असो वा नसो. त्या वेगाच्या खाली वाळू सपाट राहिली. म्हणजे चाकं वेगाने धावणाऱ्या सैल रस्त्यावर लाटा पडणारच. त्यांच्यात अंतर 70 सेंटिमीटर धरलं आणि आपण ताशी 40 किलोमीटरने निघालो, तर चाकाला सेकंदाला सोळा धक्के बसतात. तासाभरात सत्तावन्न हजार.

हे धक्के वरच्या खोलीपर्यंत पोचू द्यायचे नाहीत, हे स्प्रिंगचं काम. त्यासाठी स्प्रिंग मऊ लागते. ट्रेलर भरल्यावर स्प्रिंग किती दबते एवढं मोजलं तरी त्याच्या डोलण्याची लय सांगता येते. 5 सेंटिमीटर दबली तर सेकंदाला साधारण सव्वादोन हेलकावे. अडीच सेंटिमीटर दबली तर तीनाहून थोडे जास्त. ही लय धक्क्यांच्या लयीपेक्षा जितकी संथ, तितके कमी धक्के वर पोचतात. आमचा ट्रेलर भरून 600 किलो होता आणि मजबूत हवं म्हणून आम्ही दीड टनाच्या क्षमतेचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) घातले होते. ते जेमतेम दबत होते. प्रत्येक खड्ड्यात चाक जमीन सोडायचं आणि सगळा धक्का चासीने खायचा. जास्त क्षमतेचे पाटे म्हणजे जास्त मजबूत ट्रेलर, हा समज मला ह्या छंदातला सगळ्यात महागडा गैरसमज वाटतो. पाटे काढून वजनाला बेताचे बसवले, तेव्हा आतल्या कपाटातल्या वाट्यांचा खडखडाट पहिल्यांदा थांबला.

मऊ स्प्रिंगला आवर घालायला शॉकअब्सॉर्बर लागतो. चाक आणि एक्सल यांची स्वतःची उडण्याची लय सेकंदाला दहा ते पंधराच्या आसपास असते, म्हणजे लाटांच्या धक्क्यांच्या अगदी जवळ. दोन्ही जुळल्या की चाक उड्या मारत सुटतं. शॉकअब्सॉर्बर ती ऊर्जा तेलात जिरवून तिची उष्णता करतो. लांब लाटांच्या रस्त्यावरून थांबल्यावर त्याला हात लावायला जाऊ नये, चटका बसतो. पाट्यांऐवजी रबराचा टॉर्शन एक्सल असेल तर रबर पिळलं जाताना थोडी ऊर्जा स्वतःच गिळतं. डांबरी रस्त्यावर तेवढं पुरतं. दिवसभराच्या लाटांवर मात्र मी वेगळा शॉकअब्सॉर्बर लावीनच.

थरथरीचा दुसरा बळी नटबोल्ट. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दाखवून दिलं, की बोल्ट सैल होतो तो मुख्यतः जोड आडवा सरकत राहिल्याने, आणि अशा हालचालीपुढे साधा स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही. बोल्ट पुरेशा जोराने आवळणं आणि नायलॉनची कडी असलेला नट वापरणं, हे जास्त भरवशाचं. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक नटाला पाना लावून पाहावा.

वजन कुठे आहे ह्याकडे मात्र किती आहे यापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. मागे जड होऊन पुढून उचललेल्या गाडीसाठी मराठीत उलाळ असा नेमका शब्द आहे. उलाळ ट्रेलर वेगात शेपटीसारखा डावीउजवीकडे हलू लागतो. कमी वेगात हे हेलकावे आपोआप विरतात. वेग वाढतो तसं विरणं कमी होतं आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. म्हणून एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे अडकवतात त्या जोडावर हवा. 600 किलोला 60 ते 90. आता सुधारणा म्हणून 25 किलोचं स्टेपनी चाक मागच्या दारावर टांगलं, असं समजा. ते एक्सलच्या दीड मीटर मागे आणि हिच एक्सलच्या अडीच मीटर पुढे. साध्या तरफेच्या हिशोबाने हिचवरचे 15 किलो उडाले. 60 चे 45, म्हणजे जेमतेम 7 टक्के. शिवाय टोकाशी टांगलेलं वजन अंतराच्या वर्गाने हेलकाव्याला खतपाणी घालतं. स्टेपनी दांड्यावर बांधावी, पाण्याची टाकी एक्सलच्या किंचित पुढे ठेवावी. हेलकावे सुरू झालेच तर एक्सलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावं, आणि जोरात ब्रेक दाबू नये.

खडबडीत वाटेवर गाडी आणि ट्रेलर एकमेकांना पीळ देतात. गोळ्याचा साधा हिच एका मर्यादेपर्यंतच तिरका होतो, मग दांड्यालाच पिळतो. तिन्ही दिशांनी मोकळा फिरणारा कपलर (जोडणीचा सांधा) ही सुधारणा जाड लोखंडापेक्षा कितीतरी मोलाची. टायरबद्दल थोडक्यात: चाकावर 300 किलो असताना हवेचा दाब निम्मा केला की जमिनीला टेकणारा भाग जवळजवळ दुप्पट होतो. वाळूत रुतणं कमी होतं, धक्केही मऊ होतात. पक्क्या रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो.

ओढा ओलांडणाऱ्यांसाठी एक बारकी गोष्ट. तासभर धावल्यावर चाकाचं बेअरिंग गरम असतं. ते तसंच थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत खेचून घेते. ग्रीस पांढुरकं, ताकासारखं दिसू लागलं की समजावं, पाणी गेलं. पाण्यात शिरण्याआधी दहापंधरा मिनिटं थांबणं हा फुकटातला उपाय.

आणि रात्र. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 30 ते 40 ग्रॅम बाष्प सोडतो. आतली जागा साडेतीन घनमीटर. 10 अंशांची एवढी हवा मिळून 33 ग्रॅमच बाष्प धरू शकते. दोघांना ती भरून टाकायला अर्धा तास पुरतो. उरलेलं बाष्प रात्रभर थंड पृष्ठभाग शोधत राहतं. आमच्या छतावर पहाटे थेंब एका रांगेत उभे असायचे, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एक. बाहेरचं ॲल्युमिनिअम प्लायवूडच्या हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता नेतं आणि स्क्रू तो गारवा थेट आत पोचवतो. ह्याच थेंबांनी प्लायवूड आतून कुजतं. भिंतीत फोमचा थर, स्क्रूऐवजी जमेल तिथे चिकटवणी, खाली एक झरोका आणि वर छोटा पंखा, एवढं केल्यावर थेंब गेले. झरोका श्वासासाठीही हवाच: पूर्ण बंद खोलीत दोघांच्या श्वासाने तीनचार तासांत कार्बन डायऑक्साइड दोन टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. आत स्टोव्ह किंवा शेगडी कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धुळीसाठीही हवेचाच उपयोग होतो. चालत्या ट्रेलरच्या मागे कमी दाब तयार होतो, तिथे धूळ घोंगावते आणि मागच्या झाकणाच्या फटीतून आत येते. नुसतं रबर बदलत बसण्यापेक्षा पुढच्या बाजूला गाळणी लावलेला झरोका ठेवला, की चालताना आत किंचित जास्त दाब राहतो आणि हवा फटींतून आत येण्याऐवजी बाहेर जाते.

भेग आम्ही तिच्या टोकापलीकडे एक बारीक भोक पाडून थांबवली. गोल कडेवर ताण पसरतो, टोकावर गोळा होत नाही. मग जुनी वेल्ड घासून काढली, भेग खोलवर कोरून भरली, दोन्ही बाजूंना शंकरपाळ्यासारख्या पट्ट्या लावल्या. चासी सगळी काळी आहे, पण दांड्याचा तेवढा भाग आम्ही पांढरा रंगवला. पांढऱ्यावर तांबूस रेघ दुरूनही दिसते.