हेलिकॉप्टर प्रशिक्षणातील अपघात

हेलिकॉप्टर चालवायला शिकताना किंवा शिकवताना होणारे अपघात. यांतले पुष्कळसे जमिनीलगत घडतात, कारण शिकवण्यासारखे जे अवघड असते तेही तिथेच असते.

लहान हेलिकॉप्टर हात सोडून स्थिर राहत नाही. डाव्या हातात कलेक्टिव्ह, म्हणजे यंत्र वर-खाली नेणारा दांडा, उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे ते पुढे-मागे किंवा बाजूला झुकवणारा दांडा, आणि पायांखाली नाक वळवणारे पेडल. एक हलवले की बाकीची दोनही सावरावी लागतात. जागच्या जागी तरंगणे, म्हणजे हॉवर, हीच शिकाऊ वैमानिकाची पहिली खरी परीक्षा. हॉवर करताना यंत्र आडवे सरकले आणि स्किडची, म्हणजे खालच्या टेकू-दांड्यांची, एक बाजू गवतात किंवा चिखलात अडकली, तर ते त्या बाजूवर कलंडू लागते. अशा वेळी घाबरून कलेक्टिव्ह वर ओढले जाते आणि नेमके त्यानेच हेलिकॉप्टर उलटते. कलेक्टिव्ह बेताने खाली करणे हाच उपाय, आणि तो अंगवळणी पडायला वेळ लागतो.

सर्वांत जोखमीचा धडा ऑटोरोटेशनचा, म्हणजे इंजिनाविना उतरण्याचा. इंजिन बंद पडले की कलेक्टिव्ह ताबडतोब खाली करायचा. मग खालून वर येणाऱ्या हवेवर रोटर, म्हणजे डोक्यावरचा मोठा पंखा, भिरभिऱ्यासारखा फिरत राहतो. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग कमी करायचा आणि रोटरमध्ये उरलेली ऊर्जा वापरून अलगद टेकायचे. शाळांमध्ये जगभर वापरल्या जाणाऱ्या रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरचा रोटर हलका आहे. कलेक्टिव्ह खाली करायला एक-दीड सेकंदाचा उशीर झाला, तरी त्याचे फेरे घातक मर्यादेपर्यंत उतरू शकतात. या यंत्रासाठी अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाला १९९५ मध्ये खास प्रशिक्षणाचा नियम करावा लागला.

क्वचितच होणाऱ्या इंजिनबिघाडाचा सराव करताना दरवर्षी अनेक हेलिकॉप्टर मोडतात, असे रॉबिन्सन कंपनीची सुरक्षा सूचना क्रमांक ३८ सांगते. तिचा नियम साधा आहे. शंभर फुटांवर येईपर्यंत रोटरचे फेरे, वेग आणि खाली येण्याचा दर जागेवर नसतील, तर सराव सोडून इंजिनची ताकद परत घ्यायची. घनता-उंची, म्हणजे हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची, चार हजार फुटांच्या वर असेल, तर हा निर्णय दोनशे फुटांवर किंवा त्याआधीच घ्यायचा. लागोपाठ तीन-चारच ऑटोरोटेशन करावीत, कारण थकवा शिष्याइतकाच गुरूलाही येतो.

घनता-उंचीचा हा मुद्दा नागपूरकरांनी नीट समजून घ्यावा असा आहे. सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर. तेवढ्या उंचीवर प्रमाण तापमान १३ अंश धरतात, तर नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांतल्या, दुपारी पारा ४५ अंशांवर असतो. दर अंशामागे सुमारे १२० फूट या ठोकताळ्याने, हेलिकॉप्टरच्या दृष्टीने ही धावपट्टी पाच हजार फुटांच्या घरात जाते. हवा विरळ, इंजिनची ताकद कमी आणि उतरण्याचा वेग जास्त. डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांत तीच धावपट्टी पुन्हा हजार फुटांची होते. म्हणून मे महिन्यात असा सराव सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांतच उरकावा. दुपारी तो ठेवणे म्हणजे शिष्याच्या चुकीला मुळीच जागा न ठेवणे.

१९४७ मध्ये स्थापन झालेला नागपूर फ्लाइंग क्लब विमानांचा आहे. लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक नाशिकच्या गांधीनगरला घडतात, हवाई दलाचे हैदराबादजवळ हकीमपेटला. विदर्भाचा हेलिकॉप्टरशी संबंध मुख्यतः गडचिरोलीमुळे: तिथल्या दुर्गम केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरनेच पोचवली जातात. जंगलातल्या लहानशा मोकळ्या जागेत भर उन्हाळ्यात उतरणाऱ्या या वैमानिकांना प्रशिक्षणातल्या प्रत्येक धड्याची रोज गरज पडते.

प्रशिक्षकापुढचा पेच वेगळा असतो. शिष्याला चूक करू दिल्याशिवाय तो शिकत नाही, आणि ती चूक सावरण्याच्या पलीकडे जाऊ देता येत नाही. हेलिकॉप्टरमध्ये या दोहोंमधले अंतर काही वेळा एका श्वासाचे असते. ताबा घेताना ‘आय हॅव कंट्रोल’, त्यावर समोरच्याचे ‘यू हॅव कंट्रोल’ आणि पुन्हा पहिल्याचा दुजोरा, ही पद्धत त्यासाठीच आहे. दोघांनाही दुसरा सांभाळतोय असे वाटले, की यंत्र कोणाच्याच हातात नसते. त्यामुळे उड्डाणाआधीच्या बोलणीत ‘मी कोणत्या उंचीवर, कोणत्या फेऱ्यांवर ताबा घेईन’ हे आकड्यांत ठरवून घेणारा प्रशिक्षक भरवशाचा समजावा.

भारतात नागरी अपघातांची चौकशी २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो आणि त्याचे अहवाल जाहीर होतात. लष्करी अपघात कोर्ट ऑफ इन्क्वायरीकडे, म्हणजे सैन्यदलाच्या अंतर्गत चौकशीकडे, जातात. त्यांचे निष्कर्ष सहसा बाहेर येत नाहीत, आणि नागरी शाळांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते.